कानामागून आला आणि महाग झाला

मुलीसाठी स्थळ बघताना माणूस मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो आणि एखाद्या मामाकरवी व्यसनांचीही हळूच चौकशी करतो. तोच माणूस ॲम्प्लिफायर बघायला गेला की काही म्हणता काही विचारत नाही. डोळे मिटून बसतो आणि पाच मिनिटांनी, "आवाजात एक ऊब आहे हो!" असं म्हणून चेकबुक काढतो.

ह्या उबेविरुद्ध माझी तक्रार आहे.

ॲम्प्लिफायरचं काम कारकुनाचं. आत आलेला बारीक आकडा ठरलेल्या पटीनं मोठा करायचा आणि पुढे स्पीकरकडे पाठवायचा. मधे स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मी बँकेत हेच करत आलोय. माझ्यासारख्यानं गिऱ्हाइकाच्या खात्यात स्वतःची थोडी ऊब मिसळली तर त्याला कोणी रसिक म्हणत नाही, सस्पेंड करतात. मग ट्रान्झिस्टरच्या ह्या कारकुनाला 'व्यक्तिमत्त्व' असल्याबद्दल आठ लाख का मोजायचे?

बरं, हा वाद जुना आहे आणि त्याचा हिशेबही होऊन गेलाय. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या गृहस्थानं 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं: तुम्हाला आवडेल तो महागडा ॲम्प्लिफायर आणा, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टरवाला मी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. मासिकवाल्यांनी एक भारी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पुढे केला. कार्व्हरनं काय केलं? आम्ही रिकन्सिलिएशन करतो तेच. एकाच्या आवाजातून दुसऱ्याचा वजा केला आणि बाकी किती उरते ते पाहिलं. मग आपल्या यंत्रात फेरफार करत करत ती बाकी जवळजवळ शून्यावर आणली. मासिकाच्या जाणकारांनी ऐकलं आणि फरक सांगता येत नाही असं कबूल केलं. (पुढे दोघांत बेबनाव होऊन प्रकरण कोर्टात गेलं, ते निराळं. बाकी शून्य आली की कोणाला तरी राग येतोच.) म्हणजे ती सुप्रसिद्ध ऊब हवीच असेल तर तीसुद्धा स्वस्तात उचलता येते.

दोन वर्षांनी, १९८७ साली, 'स्टिरिओ रिव्ह्यू'नं दोनशे-सव्वादोनशे डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या जोडीपर्यंत सगळ्यांना पडद्याआड बसवून परीक्षा घेतली. ऐकणाऱ्यांची उत्तरं निम्मी बरोबर, निम्मी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच मार्क पडले असते, आणि नाण्याला बारा हजार डॉलर पडत नाहीत.

"पण मी दुकानात स्वतःच्या कानांनी फरक ऐकला!" ऐकला असाल. दोन्ही यंत्रांच्या बटणांवर 'दहा' लिहिलेलं असतं, पण ते दहा एकच नसतात. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' असा कळत नाही. 'स्पष्ट', 'भरदार', 'जिवंत' असा कळतो. तुलना करायची तर मीटर लावून आवाज जुळवायला हवेत आणि वाजतोय कोण हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मी एका दुकानात "व्होल्टमीटर आहे का?" असं विचारलं, तर मला वीज कंपनीचा माणूस समजून आतून मालकांनाच बोलावण्यात आलं.

आकड्यांचं म्हणाल तर आजचा बऱ्यापैकी ॲम्प्लिफायर आवाजात ०.०१ टक्का भेसळ करतो. म्हणजे शंभर रुपयांत एक पैसा. स्पीकर खर्जात जरा जोरात वाजला की टक्का-दोन टक्के सहज गाळतो, म्हणजे शंभरात रुपया-दोन रुपये. रुपये गळणारा गल्ला उघडा टाकून पैशामागे धावणाऱ्याला आमच्या बँकेत कोणी किल्ल्या देणार नाही. वॅटचंही तसंच. १०० चे २०० वॅट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. घरात एरवी गाणं एखाद-दुसऱ्या वॅटवर चालतं. उरलेले वॅट तबल्याच्या थापेसाठी राखीव निधी.

'क्लास ए' नावाची तर एक खानदानी जात आहे. गाणं चालू असो वा नसो, हा बसल्या जागी वीज खात राहतो आणि तिची उष्णता करतो. थंड देशात गाणंही होतं, शेकोटीही होते. डोंबिवलीत मे महिन्यात तो लावला की पाठोपाठ एसी लावावा लागतो, आणि मग तानपुऱ्याच्या झंकारासाठी लाखो रुपये मोजलेला रसिक तो झंकार एसीच्या घरघरीतून वेचत बसतो.

फरक कुठे पडतो तेही सांगतो, नाहीतर मला बहिरा म्हणाल. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी काही सुरांना तो तीनवर उतरतो आणि तिथे दुबळ्या ॲम्प्लिफायरला धाप लागते. म्हणून आठला १०० वॅट देणारा चारला दोनशेच्या आसपास देतो का, ते बघा. गाणं बंद ठेवून स्पीकरला कान लावा. गुणगुण ऐकू आली तर पुढे बोलूच नका. बिघडला तर गावात दुरुस्त होतो का, हेही विचारा. आणि ते बोटभर जाड ॲल्युमिनियम, निळे काटे, चाळीस किलो वजन ह्यांवरच जीव जडला असेल तर खुशाल घ्या. फक्त खर्च फर्निचर खात्यात टाका, संगीत खात्यात नको.

हे सगळं मी आमच्या निवृत्त हेडकॅशियरांना सांगून पाहिलं. ते सध्या ग्रॅच्युइटीतून असाच एक आठ लाखांचा घेण्याच्या बेतात आहेत. एरवी खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस. त्यांच्याकडे किशोरीताईंचा भूप आहे, पण तो गेली काही वर्षं पहिल्या वीस सेकंदांपुढे गेलेला नाही. तेवढ्यातच त्यांचं यंत्र तपासून होतं. वहिनींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन 'दिवाळीनंतर बघू' असं ठरलंय. कोणती दिवाळी, ते ठरलेलं नाही. "भाऊजी, खर्जात फार दाणेदार आहे म्हणे तो," वहिनी म्हणाल्या आणि सोफ्याच्या हाताला धरून चहा टाकायला उठल्या.

त्यांच्या हॉलमध्ये गुळगुळीत लाद्या आणि समोर अखंड काच. टाळी वाजवली तर परत येते. मी म्हटलं, "साहेब, आधी इथे एक जाड सतरंजी टाका. काचेला जाड पडदा लावा. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा. त्यानंतरही हौस उरली तर स्पीकर बदला."

ते क्षमाशील हसले. "सतरंजी? अहो, तुमचे कान अजून तयार नाहीत."

"ठीक आहे. तो नवा दोन दिवस घरी ऐकायला आणा. मी दोन्हींवर चादर टाकतो, मीटरनं आवाज जुळवतो आणि वीस वेळा बदलून वाजवतो. पंधरा वेळा बरोबर सांगितलंत तर सतरंजीचं नाव काढणार नाही."

"वीस वेळा?" हेडकॅशियर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

"चादर मी देते," आतून आवाज आला.