पेजमेकरसाठी विंडोज हवेच का?

अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे पानमांडणीचा पेजमेकर आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी या जोडीवर निघत आले. ही जोडी लिनक्सची नव्हे, म्हणून लिनक्स छापखान्याच्या कामाचे नाही, असा पूर्वपक्ष आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ न पेलणाऱ्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न असल्याने पूर्वपक्ष तपासलेला बरा.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा वाइन हा मुक्त प्रकल्प १९९३ सालचा, त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले. प्रोग्राम विंडोजकडे फाइल किंवा खिडकी मागतो, ती मागणी वाइन लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे देते. मध्ये दुसरा नकली संगणक उभा राहत नाही. त्यामुळे ‘सगळे रेंगाळणारच’ हा आक्षेप टिकत नाही. ‘हा चोरीचा मामला’ हेही खोटे. वाइन स्वतंत्रपणे लिहिलेली आहे, तिला विंडोजचा परवाना लागत नाही. पेजमेकरचा मात्र लागतोच. आणि जुने सॉफ्टवेअर विंडोजवरच सुखरूप राहते म्हणावे, तर ६४ बिटचे विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. वाइनवर त्यांतले कित्येक चालतात.

वाइनचे कैवारी मात्र भलतेच ताणतात. मराठी टायपिंगची अनेक पॅकेजेस डोंगल म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि डोंगलचा विंडोज ड्रायव्हर बहुधा वाइनमध्ये बसत नाही. तिथे व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी संगणकात परवान्याचे विंडोज ठेवून ती यूएसबी त्याच्याकडे वळवणे हाच सरळ मार्ग.

खरी अडचण जुन्या फायलींची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. मजकूर दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. हे दुखणे विंडोजवरही तसेच आहे. म्हणून वाइनचा उपयोग जुने उघडण्यापुरता करावा. होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.wine’ फोल्डरात तिची सी ड्राइव्ह असते. तिथल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जुने फॉन्ट टाकावेत. आपली पेजमेकरची आवृत्ती चालते का, हे आधी एका फायलीवर पाहावे. चालली तर पानांची पीडीएफ काढावी, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा आणि र्‍या, र्‍हसारख्या जोडाक्षरांसाठी प्रूफ पुन्हा वाचावे. नवे काम लिनक्सवरच्या स्क्राइबस या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये करता येते, २०२४च्या १.६ आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट बसतात. अहवालातले आकड्यांचे तक्ते मात्र लिब्रे ऑफिसमध्येच लवकर होतात.