आगटीभोवतीची हजेरी

आपले बहुतेक सण तिथीच्या मागे चालतात आणि चंद्राच्या कलेने पुढेमागे होतात. संक्रांत मात्र सूर्याचे बोट धरून येते, म्हणून दरवर्षी जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेलाच ती आपल्या उंबऱ्याशी उभी राहते. तरीही ती अगदी जागची हलत नाही असे नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला तो दिवस १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. साधारण ७२ वर्षांत एक दिवस, इतक्या सावकाश हा सण पुढे सरकत आला आहे. म्हणजे एका माणसाचे उभे आयुष्य सरते तेव्हा संक्रांत जेमतेम एका दिवसाने सरकलेली असते. तेवढ्या काळात माणूस मात्र कुठल्या कुठे जाऊन पोहोचतो! गाव सुटते, घर बदलते, डोक्यावरचे छत्र जाते, कडेवरचे मूल खांद्याला लागते. या धावत्या आयुष्यात जुने सोबती कुठे राहिले, हे मागे वळून पाहायला एखादा ठरलेला दिवस लागतो. तो दिवस आला आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे दिवस मोठ्या लगबगीचे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाला कोयता लागलेला असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या वाटांवर उसाने लादलेल्या गाड्यांची रांग सरत नाही. वर जिरायत भागात ज्वारीची कणसे दुधातून हुरड्यात आलेली असतात. आणि याच दिवसांत कुणाच्या तरी रानात, बांधाकडेच्या बाभळीखाली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एकाच बाकावर बसलेली माणसे हुरड्याच्या निमित्ताने एकत्र येतात. कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी वालचंदनगरहून, तर कुणी नुसता शेजारचा ओढा ओलांडून. पत्रिका नाही, व्यासपीठ नाही. मोबाइलवरच्या गटात एक ओळ पडते, ‘रविवारी रानात या’, आणि माणसे येतात.

आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खुपसली जातात आणि दाण्यांचा तो गोडसर, धुरकट वास रानभर पसरतो. भाजलेले कणीस तळहातावर घेऊन चोळायचे असते, आणि नेमक्या या क्षणी गेली तीस वर्षे न बोलता उलगडतात. शहरातून आलेल्याच्या हाताला चटका बसतो. तो कणीस या हातातून त्या हातात झेलत राहतो. रानात राहिलेला मित्र मात्र ते निमूटपणे स्वतःच्या हातात घेतो, दोन तळव्यांत रगडतो, फुंकर घालून कूस उडवतो आणि हिरवेगार दाणे मित्राच्या ओंजळीत ओततो. फावड्याने घट्टे पडलेल्या त्या तळव्याला निखाऱ्याचे काही वाटत नाही. एकाच वर्गातून निघालेल्या दोन वाटा कुठवर गेल्या, हे त्या दोन तळव्यांत वाचता येते. आणि ओंजळीत पडणारे दाणे पाहिले की हेही कळते, की त्या वाटांमध्ये अजून देणेघेणे शिल्लक आहे.

मग गप्पा सुरू होतात. वीस वर्षांपूर्वी याच माणसांच्या बोलण्यात नोकरी, बदली, प्लॉट, गाडी असे. आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर विषय मऊ झाले आहेत. कुणाची लेक शिकून पहिल्या पगाराची साडी आईला घेऊन आली, कुणाच्या मुलाचे लग्न शेती करतो म्हणून जमत नाही, कुणाचे वडील आता घरच्यांनाही ओळखत नाहीत आणि संध्याकाळ झाली की ‘बैलं सोडली का’ म्हणून विचारत राहतात. भावाभावांत वाटणी झाली, पण आईचे दुखणे वाटता आले नाही, हे सांगताना एखाद्याचा आवाज दाटतो. अशा वेळी कुणी सल्ला देत नाही. शेजारचा नुसती चटणीची वाटी त्याच्याकडे सरकवतो. नातेवाइकांत जे बोलता येत नाही आणि परक्यांत जे बोलू नये, ते बोलण्याची जागा म्हणजे जुना मित्र. अशी जागा आयुष्यात फार ठिकाणी नसते.

ही जागा तयार कशी झाली, हेही आठवायला हवे. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे राहिले आणि पुण्याला जाण्याची ऐपत नसलेल्या घरांतली मुले पदवीच्या वर्गात येऊन बसली. पुढे इंदापुरातही महाविद्यालय झाले. ज्यांच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशी किती तरी मुले-मुली एस.टी.चा पास खिशात घालून या वर्गांत आली. जी शहरात खोली करून राहिली, त्यांच्यासाठी आई पहाटे उठून भाकरी थापायची आणि डबा मुक्कामी गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. स्टँडवर डब्यांच्या पिशव्यांची रांग लागायची. एखाद्या दिवशी गाडी चुकली, आजारपण आले किंवा घरात पीठच नसले, की एका डब्यात तिघे जेवायचे. कुणाची जात कोणती, कुणाचे रान बागायत आणि कुणाचे कोरडवाहू, याचा हिशोब त्या डब्यापाशी थांबत असे. आज आपण ज्याला मैत्री म्हणतो, तिचा पाया त्या कापडी पिशव्यांत बांधलेल्या भाकरीने घातला आहे. त्या भाकरीचे ऋण सहजी फिटणारे नाही.

संगतीचे हे मोल या मातीला नवे नाही. कऱ्हेकाठच्या याच बारामतीत कविवर्य मोरोपंतांनी (१७२९-१७९४) आपले आयुष्य आर्या रचण्यात घालवले. उतारवयात ‘केकावली’ लिहिताना त्यांनी देवाला आळवले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत धन नव्हते की मान नव्हता. चांगल्या माणसांची सोबत मिळावी आणि त्यांचे बोल कानी पडावेत, हे मात्र त्यांनी आवर्जून मागितले. एवढी विद्वत्ता गाठीशी असलेल्या कवीला आयुष्याच्या अखेरीस संगत मागावीशी वाटली, ही गोष्ट आपण पाठांतरात हरवू देऊ नये. संगत ही मागावी लागते, आणि मिळाली तर राखावी लागते.

या भेटींत आणखी एक गोष्ट अलीकडे दिसते आणि तिने मन प्रसन्न होते. माणसे आपल्या छंदांविषयी बोलू लागली आहेत. आपल्या आईवडिलांच्या पिढीत छंद हा शब्दच घरात नव्हता. त्यांचा विरंगुळा भजनात, तालमीत नाहीतर वारीत मिसळून गेलेला असे. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवडीत अश्वांचे रिंगण, हाच त्यांचा वर्षाचा सोहळा होता. मधली पिढी, म्हणजे आपण, कर्ज फेडण्यात आणि मुले शिकवण्यात इतके गुंतलो, की स्वतःसाठी काही करणे हा गुन्हाच वाटू लागला. आता हात थोडे मोकळे झाले आहेत. कुणी धूळ झटकून पखवाज खाली काढला आहे. कुणी आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे आणि तिच्या टाक्यांचे फोटो मैत्रिणींना पाठवते आहे. कुणी सकाळी सायकल काढून मोरगावच्या मयूरेश्वराला जाऊन येतो. आणि कुणी तरी हिवाळाभर दुर्बीण गळ्यात अडकवून भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर बसून असतो.

त्या पाण्याचे आपल्याशी वेगळेच नाते आहे. १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावेच्या गावे जलाशयाखाली गेली. त्या गावांतली मुले पुनर्वसनाच्या नव्या वसाहतींतून कॉलेजला आली होती. त्यांच्यापाशी गावाची आठवण होती, गाव नव्हते. आज त्याच पाण्याच्या काठावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. ज्या पाण्याने घर नेले, त्याच पाण्याने इतक्या दुरून आलेल्यांना आसरा दिला. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. शिखर आधी, मग हळूहळू खांब, मग चौक. जुन्या मित्रांच्या भेटीतही असेच घडते. रोजच्या धकाधकीचे पाणी घटकाभर ओसरते आणि आपल्यातलेच एक जुने, घडीव, जपून ठेवलेले काही उघडे पडते. ते वाहून गेले नव्हते, नुसते बुडाले होते.

यंदाच्या अशाच एका मेळाव्याची गोष्ट. आगटी विझत आली तेव्हा निवृत्त झालेल्या सरांनी जुन्या कागदावरून हजेरी घेतली. नाव पुकारले की पन्नाशीची माणसे विशीतल्यासारखी उठून ‘हजर, सर’ म्हणत होती. मुलींची नावे माहेरचीच होती. सासरी जाऊन आडनाव बदललेली, काहींचे तर पाळण्यातले नावही बदललेले. कित्येक वर्षांनी कुणी तरी आपल्याला आपल्या मूळ नावाने हाक मारली, या एका गोष्टीने एका बाईंचे डोळे भरून आले. त्यांना शोधून काढले होते ते त्यांच्या भावाकरवी, भाऊबिजेला त्या माहेरी आल्या तेव्हा. मुलांच्या मैत्रीला लग्नानंतर पारावर जागा राहते. मुलींच्या मैत्रीला मात्र उंबरा आडवा येतो. म्हणून ज्या मेळाव्यात वर्गातल्या मुली दिसत नाहीत, तो मेळावा अर्धाच भरला असे आपण मानले पाहिजे, आणि त्यांना शोधण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे असे समजले पाहिजे.

त्या हजेरीत काही नावांनंतर शांतता पसरली. जे या जगात नाहीत, त्यांच्यासाठी सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे मान खाली घातली. पण दुसऱ्या प्रकारची एक शांतता होती, आणि ती अधिक जड होती. जे आहेत, याच दोन तालुक्यांत आहेत, आणि आले नाहीत, त्यांची. एकाचा धंदा बुडाला. एकाची शेती कर्जात गेली. एकाला व्यसनाने गाठले. एक जण रोज याच रस्त्याने दुधाची किटली घेऊन जातो. पण इतरांच्या मोटारी बांधावर उभ्या दिसल्या की त्याचे पाऊल रानाकडे वळत नाही. त्याला कुणी नको म्हटलेले नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे त्याच्या मनाने घेतले आहे. आपणच तर आपल्या भेटींत यशाच्या गोष्टी इतक्या मोठ्या आवाजात सांगत आलो, की अपयश आलेल्याने कुठे बसावे ही जागाच राखली नाही.

म्हणून या संक्रांतीला आपण स्वतःशी एक निश्चय करावा. फोनवर सकाळी फुलांचे चित्र पाठवणे सोपे आहे. गेल्या काही वर्षांत इंटरनेट स्वस्त झाल्याने तुटलेले दुवे जुळले, हेही खरेच, आणि त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. पण दुवा जुळल्यावर पाऊल उचलायचे असते. मेळाव्याला किती जण आले, याचा फोटो निघतो. आपल्या मैत्रीची परीक्षा मात्र न आलेल्यांच्या दारात होते. त्याच्या घरी जाऊन बसावे. त्याच्या आईची चौकशी करावी. मुलाच्या शिक्षणाला हातभार लागणार असेल तर तो गाजावाजा न करता लावावा. आणि काहीच करता आले नाही, तरी ज्या बाकावर तो आपल्या शेजारी बसला होता, त्या बाकाची आठवण त्याला द्यावी. डबा नसलेल्या दिवशी ज्याने आपली अर्धी भाकरी पुढे केली, तो आज हजेरीत गप्प असेल, तर त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणण्याची जबाबदारी आपली आहे.

तिळगूळ द्यायचा तो आधी थोरांना, आणि मग ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांना, असे आपल्या घरांत सांगत आले आहेत. कडाक्याच्या थंडीत तीळ अंगाला ऊब देतो आणि गूळ जिभेला गोडवा. या दोन्हींची गरज असलेला एक तरी सोबती प्रत्येकाच्या वर्गात आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि बहुतेक वेळा त्याचे घरही. संक्रांतीचा दिवस सरला म्हणून उशीर झाला असे समजू नये. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो.