कॅपआधी कवळीचा आराखडा हवा

दाढा पडून हिरडीवर मोकळी जागा राहिलेली असते आणि तिच्या शेजारचा दात किडलेला असतो. अशा वेळी बहुधा आधी त्या दातावर सिरॅमिकची कॅप बसते. मोकळ्या जागेचे पुढे बघू, असे ठरते. पुढे काढती-घालती कवळी करायची वेळ आली, की तिचा धातूचा टेकू ठेवायला त्याच कॅपमध्ये खाच कोरावी लागते. हा क्रमच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅपचा आकार कवळीने ठरवायला हवा.

सिरॅमिक दाब उत्तम सोसते, पण वाकवणारा भार त्याला सोसत नाही. त्याचा तडा पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यातून सुरू होतो आणि तोंडातल्या ओलाव्यात, रोजच्या चावण्याने, हळूहळू पुढे सरकतो. तयार कॅप हिऱ्याच्या बरने (दंतवैद्याच्या कोरणीने) कोरणे म्हणजे असे ओरखडे नेमके सर्वाधिक भाराच्या जागी पाडणे. शिवाय जाडीचा हिशेब आहे. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकच्या कॅपला दाढेवर साधारण दीड मिलिमीटर जाडी लागते, आणि टेकूची खाचही एक ते दीड मिलिमीटर खोल असते. नेहमीच्या जाडीच्या कॅपमध्ये ती नंतर कोरली, तर खाली उरते काय? हीच खाच लॅबमध्ये कॅप घडवतानाच, गोलसर तळाची आणि कडा मऊ ठेवून केली, दातही त्या हिशेबाने थोडा अधिक तासला, तर जाडी शाबूत राहते आणि कोपऱ्यात ताण साचत नाही. शेवटच्या दाढाच नसतील तर प्रश्न आणखी बिकट होतो. कवळीची मागची बाजू हिरडीवर टेकते. हिरडी दातापेक्षा कितीतरी जास्त दबते, त्यामुळे प्रत्येक घासाला कवळी टेकूभोवती कलते आणि क्लॅस्प, म्हणजे दाताला धरणारा तिचा धातूचा आकडा, आधाराच्या दाताला उचकटू पाहतो. हे कमी करण्यासाठी टेकू दाताच्या मागच्या कडेऐवजी पुढच्या कडेला घ्यावा, हा विचार दंतवैद्य क्रॅटोचव्हिल यांनी 1963 मध्येच मांडला होता. पण तो अमलात आणायचा तर कॅप घडण्याआधी टेकूची जागा ठरलेली हवी.

झिर्कोनिया हे अधिक मजबूत सिरॅमिक आल्यावर ही काळजी कशाला, असे विचारले जाते. साध्या झिर्कोनियाची वाकवण्यातली ताकद हजार मेगापास्कलच्या आसपास असते, लिथियम डायसिलिकेटची चारशेच्या घरात. हे खरेच आहे. मात्र हे आकडे प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत नमुन्यांचे आहेत, कोरलेल्या कॅपचे नव्हेत. तडा जाऊ लागताच झिर्कोनियाचे स्फटिक रूप बदलून फुगतात आणि तडा आवळतात. दातासारख्या अर्धपारदर्शक दिसणाऱ्या प्रकारात हा गुण फार कमी उरतो. आणि कॅप टिकली तरी कलणाऱ्या कवळीचा भार मुळावर व हाडावर पडतोच. भविष्यात कवळी लागेल हे आधी कसे कळणार, हा दुसरा आक्षेप. कधीकधी खरोखर कळत नाही. पण जागा आजच मोकळी दिसत असेल, तर प्लास्टरचा साचा काढून आराखडा करायला काहीच अडचण नाही. मागच्या दाढेवर जिथे दिसण्याचा प्रश्न नसेल, तिथे धातूची कॅप आजही चांगला पर्याय आहे. तो रुग्णापुढे ठेवलाच पाहिजे.

तोंडात दाताची जागा रिकामी असेल आणि शेजारच्या दाताला कॅप सुचवली गेली असेल, तर होकार देण्याआधी दंतवैद्यांना विचारा: या दातावर पुढे कवळी टेकणार आहे का, आणि टेकूची जागा कॅपमध्ये आताच घडवणार का?