जाड कागदाचा बडेजाव

कागद जितका जाड तितका चांगला, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. लग्नपत्रिका जाड हवी, मानपत्र पुठ्ठ्यासारखे हवे. आणि आता शाईच्या पेनाची हौस पुन्हा थोडीफार परतल्यावर वह्यांच्या वेष्टनांवर शंभर जीएसएम, एकशेवीस जीएसएम असे आकडे ठळक छापून येऊ लागले आहेत. गिऱ्हाईक वही उघडते, अंगठा आणि तर्जनीत पान चोळते आणि समाधानाने मान डोलावते. मला या चोळण्याचा राग येतो. बोटाला जाडी कळते, पण शाईला काय हवे ते बोटाला कसे कळणार?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, बाकी काही नाही. ए-फोरचा ताव म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. त्यामुळे ८० जीएसएमचा ताव ५ ग्रॅमचा, १०० चा सव्वासहा आणि ५२ चा सव्वातीन ग्रॅमचा. शाई त्यावर रेघेत राहणार की फुटणार हे ठरते खळीवर. लगद्यात किंवा पृष्ठभागावर राळ, स्टार्च, जिलेटीन असे काही देऊन कागदाची पाणी पिण्याची हाव कमी करतात. खळ न दिलेला कागद म्हणजे टीपकागद. आणि तो चांगला जाडजूड असतो, हे लहानपणी वापरलेल्यांना आठवत असेलच!

ही विद्या आपल्याला नवी नव्हती. जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद पेशवाईच्या दफ्तरात वापरला जाई. त्या काळच्या हातकागदाला खळ लावून, वाळवून, मग दगडाने घोटून गुळगुळीत करीत. बोरूने मोडी लिहिताना हात उचलायचा नसे, मग कागद खरबरीत असून कसा चालेल? आज हातकागदाच्या नावाखाली काय मिळते? फुलांच्या पाकळ्या, गवताच्या काड्या चिकटवलेले जाड, केसाळ ताव. भेटवस्तू गुंडाळायला उत्तम. निब मात्र पहिल्याच ओळीत तंतूंत अडकते आणि शाई कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. घोटाई गेली आणि पाकळ्या आल्या, याला आपण परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणतो.

पातळ कागदावर आक्षेप एकच : ‘मागून दिसते.’ इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मागच्या बाजूला अक्षराची सावली दिसणे वेगळे आणि शाई पाझरून पलीकडे ठिपके उमटणे वेगळे. पहिला प्रकार पातळपणाचा गुणधर्म आहे, दुसरा खळीचा दोष. जपानच्या तोमोए रिव्हर कागदाचा ताव ५२ जीएसएमचा, हातात धरला तर वाऱ्याने उडेल असा. तोमोएगावा कंपनीने तो बनवणे थांबवले आणि आता सान्झेन नावाची कंपनी बनवते. त्यावर ओल्या निबेने लिहा, सावली दिसेल पण ठिपका उमटणार नाही. शिवाय दिवाळी अंकांचे संपादक कागदाच्या एकाच बाजूस लिहा असे बजावत आले आहेतच. मग सावलीचे एवढे भय कशाला?

पातळ कागदाची खरी किंमत कळते ती पत्र लिहिणाऱ्याला. माझे एक पत्रमित्र माळव्यात, देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दला असतात. देवास म्हणजे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे संस्थान, त्यामुळे मराठी घरे त्या भागात जुनी. पण अवतीभवती सारे हिंदी. घरात मराठी बोलतात, लिहिण्याचा प्रसंग येतो तो या पत्रांपुरताच. ५२ जीएसएमचे चार ताव, दोन्ही बाजूंनी, म्हणजे आठ पाने. वजन तेरा ग्रॅम, पाकिटासकट वीस ग्रॅमच्या आत. शंभरचे तेवढेच ताव घेतले तर नुसता कागदच पंचवीस ग्रॅम. एक तिकीट जादा लावा, असे कोणी म्हणेल. लावता येते. पण फुगलेले पाकीट आणि पोस्टाचा तराजू आठवला की माणूस दोन तावांत आटोपतो, हा माझा अनुभव आहे. आठ पानांची चार झाली तर कमी होते ते मराठीच. आखातात आणि बोटीवर माणसे असलेल्या गोव्यातल्या घरांना एअरमेलचा कागद पातळ का असे, हे सांगायला नको.

आणि देवासचाच दाखला द्यायचा तर तिथल्या बँक नोट प्रेसमध्ये नोटा छापतात, शाईही तिथे बनते. नोट आपण किती चुरगाळतो, घामाने भिजवतो, तरी ती तगते. ती काही पुठ्ठ्याची नसते. तिच्यात कापसाचा तंतू असतो. मजबुती तिथून येते.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. शाईचे पेन आणू नका, वही खराब होते, असे मुलांना सांगणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. बॉलपेनची शाई मलमासारखी घट्ट, तिला खळ असली काय नि नसली काय! म्हणून वहीच्या कागदाची खळ कितीही आखडली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. गुन्हा कागदाचा आणि हद्दपारी पेनाची. पालकही मग उपाय म्हणून जाड पानांची महाग वही आणतात, तीही फुटते, आणि पेन कायमचे खणात जाते.

पातळ, खळीच्या कागदावर शाई वाळायला वेळ लागतो, हे मान्य. आपल्या पावसाळ्यात तर फारच. टीपकागद जवळ ठेवावा. पण पावसाळ्याचा मुद्दा जाड कागदालाही लागू आहेच. जुलैत ओल धरली की खळ कमी पडलेला कागद, मग तो कितीही जाड असो, शाई पिऊ लागतो.

तेव्हा वही घेताना पान चोळू नका. आपले पेन बरोबर न्या, एक सुटे पान मागून घ्या, त्यावर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काढा, गाठीपाशी शाई जरा साचू द्या आणि पान उलटून पाहा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे. आणि जमल्यास हे जुलैतच करा.