वंश, जात आणि जन्मस्थान : एका संगणकीय खेळाच्या निमित्ताने

एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी सादर केलेल्या टिपणात पुढील आशयाचे विधान होते : या खेळात प्रवेश करणारा प्रथम आपली जात निवडतो आणि त्या जातीच्या गावी जन्म घेतो. टिपण ज्या चर्चासत्रात वाचले गेले तेथे या वाक्याला हशा मिळाला. परीक्षकांनी तांबड्या शाईने ‘जात’ हा शब्द खोडून ‘वंश’ असा शब्द घातला आणि मूळ इंग्रजी संज्ञा ‘रेस’ अशी असल्याने दुसरा पर्याय संभवत नाही, असे सांगितले. विषय साहित्याच्या कक्षेत येतो की नाही, यावर थोडा वाद झाला; शब्दाविषयी मात्र कोणीच बोलले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते विद्यार्थ्याचा शब्द इतक्या सहजासहजी खोडण्यासारखा नव्हता.

खेळ म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. नोव्हेंबर 2004 मध्ये तो सुरू झाला. सहस्रावधी माणसे एकाच वेळी, आपापल्या ठिकाणाहून, एका कल्पित भूप्रदेशात वावरतात असे त्याचे स्वरूप आहे. प्रारंभी त्यात आठ ‘रेस’ होत्या. मानव, ड्वार्फ, नोम आणि नाइट एल्फ हे एका पक्षाचे. ऑर्क, ट्रोल, टॉरेन आणि अनडेड, म्हणजे मरून पुन्हा उठलेले, हे दुसऱ्या पक्षाचे. दोन पक्षांत वैर, आणि एका पक्षाचे बोलणे दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक अक्षरांच्या रूपात उमटते. आठ समूहांना मिळून सहा जन्मस्थाने होती : ड्वार्फ व नोम एका बर्फाळ दरीत, ऑर्क व ट्रोल एका तांबड्या उजाड खोऱ्यात, बाकीच्यांची स्थाने स्वतंत्र.

आता शब्दाकडे वळू. ‘रेस’ची निवड केली की कोणता पेशा घेता येईल, हेही 2004 च्या नियमांनुसार ठरत असे. एकूण पेशे नऊ. मानवाला त्यांपैकी सहा खुले होते, बैलाच्या तोंडवळ्याच्या टॉरेनला केवळ चार. टॉरेन योद्धा, शिकारी, शामन वा ड्रूइड होऊ शके. पुरोहित किंवा जादूगार होऊ शकत नसे. जन्माने व्यवसाय ठरणे यासाठी मराठीत कोणता शब्द आहे, हे महाराष्ट्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘वंश’ या शब्दात रक्त आहे, कुळ आहे, परंपरा आहे. पेशाची सक्ती नाही. शिवाय आंब्याची जात, गुरांची जात असे आपण म्हणतो तेव्हा तोच शब्द जीवशास्त्रीय प्रकारालाही लागू पडतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या 1974 पासूनच्या खेळाच्या प्रकाशकांनी डिसेंबर 2022 मध्ये ‘रेस’ ही संज्ञा सोडण्याचे जाहीर केले आणि 2024 च्या नियमपुस्तकात प्रजातिवाचक शब्द स्वीकारला. इंग्रजीत ज्यासाठी दोन शब्दांत ओढाताण झाली, ते दोन्ही अर्थ मराठीच्या एका शब्दात पूर्वीपासून नांदत आहेत. नांदत आहेत म्हणजे सुखाने नव्हे.

याचा अर्थ विद्यार्थ्याचा शब्द निर्दोष आहे असे नाही. जातीचा गाभा उतरंडीत आणि विवाहबंधनात आहे. या खेळात आठ समूहांची एकमेकांखाली रचलेली उतरंड नाही. उलट, कोणत्याही समूहाचे पारडे जड होऊ नये याची काळजी निर्माते सतत वाहतात. याहून मोठा भेद निवडीचा आहे. ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘उचल्या’ (1987) ही आत्मकथने ज्या अनुभवातून आली, त्यात जन्म ही न निवडलेली आणि न टाळता येणारी वस्तुस्थिती आहे. खेळात मात्र जन्म यादीतून निवडता येतो, कंटाळा आल्यास दुसरा घेता येतो आणि 2009 पासून पैसे भरून पहिलाच बदलताही येतो. आपल्याकडील बहुरूप्याची आठवण येथे होते. तो रोज नवे सोंग घेतो, पण ज्या समाजात जन्मल्यामुळे सोंग घेणे हेच त्याचे उपजीविकेचे साधन ठरले, तो जन्म उतरवून ठेवता येत नाही. खेळाडूची स्थिती नेमकी उलटी आहे. तेव्हा ‘जात’ हा शब्द वापरायचा तर या मर्यादेसह वापरावा लागेल. मात्र खोडणाऱ्यांनीही हे कारण दिले नव्हते. त्यांना शब्द केवळ अप्रशस्त वाटला.

परंतु संज्ञेचा हा वाद सोडवण्याची खरी जागा यादीत नाही, जन्मस्थानी आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने तेथेच अधिक रेंगाळावे असे मला वाटते. यादीत मिळतो तो देह : शिंगे, सुळे, लांब कान. (ट्रोलांच्या तोंडी कॅरिबियन वळणाचे इंग्रजी आणि टॉरेनांच्या अंगावर अमेरिकेतील मूलनिवासींच्या खुणा का, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.) देहाला इतिहास मिळतो तो पहिल्या तासात, तेथे सोपवल्या जाणाऱ्या कामांतून. टॉरेनच्या वाट्याला येणाऱ्या आरंभीच्या कामांत एक असे आहे की विहिरीपाशी बसलेल्या वृद्धेला भेटावे आणि पाण्याचा घडा मुखियाकडे नेऊन द्यावा. अनडेड थडग्यात जागा होतो. तो ज्यांच्याशी लढतो त्यांत जिवंत माणसेही आहेत, म्हणजे पूर्वी तो जे होता तेच. ऑर्काला रानडुकरे मारायला लावतात आणि मग हाती सोटा देऊन झोपलेल्या मजुरांना बडवून उठवायला पाठवतात. हे मजूरही ऑर्कच आहेत. आठ समूहांत नसलेली उतरंड एका समूहाच्या पोटात अशी सापडते, आणि नवागताला ती विनोद म्हणून दाखवली जाते. विद्यार्थ्याच्या टिपणात या प्रसंगाला दोन ओळी मिळाल्या आहेत. त्याला दोन पृष्ठे हवी होती.

मानवाचा आरंभ माझ्या मते सर्वांत लक्षणीय आहे, कारण तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो. नॉर्थशायर नावाचा मठ, भोवती झाडी, पलीकडे द्राक्षमळा. मळ्यात तोंडाला तांबडे फडके बांधलेले चोर शिरले आहेत. त्यांना मारून फडकी आणून द्यायची. वाचक (मी मुद्दाम हा शब्द वापरतो) हे काम निःशंक मनाने करतो, कारण सांगणारा कायद्याचा माणूस आहे. पुढे वेस्टफॉल या ओसाड शेतीप्रदेशात त्या टोळीचा माग काढता काढता नायक एडविन व्हॅनक्लीफचे नाव पुढे येते. खाणीच्या तळाशी असलेल्या गुहेत, एका जहाजावर, त्याला ठार करावे लागते. त्याच्या प्रेताजवळ एक न पाठवलेले पत्र सापडते. ते राजधानीतल्या स्थापत्यकाराला नेऊन दिले की त्याच्याकडून कळते ते असे : युद्धात उद्ध्वस्त झालेले हे शहर ज्या पाथरवटांनी पुन्हा उभारले, त्यांची मजुरी सरदारांनी बुडवली, दंगल झाली, आणि पाथरवटांचा म्होरक्या टोळीचा म्होरक्या झाला. म्हणजे पहिल्या तासात मळ्यात मारलेले चोर हे या बुडालेल्या मजुरीची दूरची फळे होती. ज्या शहराच्या नावाने मारले, ते शहर मेलेल्यांच्या म्होरक्याने बांधले होते.

कथनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे माहिती रोखून धरलेली आहे, आणि ती रोखून धरणारा घटक निवेदक नसून जन्मस्थान आहे. ऑर्क म्हणून आरंभ करणाऱ्याला ही कथा सहसा भेटतच नाही. कादंबरीत आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो हे लेखक ठरवतो; येथे ते वाचकाने स्वतः, काही कळण्यापूर्वी, एका यादीवर बोट ठेवून ठरवलेले असते. निवड त्याचीच, पण निवडीचा अर्थ त्याला उशिरा उमगतो. न निवडलेल्या जन्माशी या अनुभवाचे जे थोडेफार साम्य आहे ते इतकेच, आणि ते मला महत्त्वाचे वाटते.

हे जन्मस्थान पुढे हळूहळू पुसट होत गेले. 2010 च्या फेररचनेत नॉर्थशायरच्या मळ्यातून ते चोर गेले आणि त्यांच्या जागी आक्रमक ऑर्क आले. उघड शत्रू मारताना पुढे पश्चात्तापाला जागा राहत नाही. त्याच वेळी टॉरेनला पुरोहिताचा पेशा खुला झाला. त्यापुढील वर्षांत बहुतेक बंधने सैल झाली. 2020 मध्ये नवख्यांसाठी ‘एक्झाइल्स रीच’ हे एकच बेट आले; तेथे टॉरेन आणि ऑर्क एकाच किनाऱ्यावर लागतात आणि सारखीच कामे करतात. पेशाची सक्ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर विहिरीवरची वृद्धाही नव्या वाचकाच्या वाटेतून गेली, सोटाही गेला आणि मजुरी बुडाल्याची कथाही वाटेवरून बाजूला पडली. समूहाचा इतिहास काढून घेतला की उरते ते शिंग आणि कान. समता आणण्याचा हा मार्ग आपल्याला अपरिचित नाही : पाठ्यपुस्तकांतून जातीचा उल्लेख काढून टाकला की जात गेली, असे मानणारे लोक अभ्यासमंडळांवर मी पाहिलेले आहेत.

सुदैवाने ऑगस्ट 2019 पासून खेळाची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा उपलब्ध झाली आहे. त्यामुळे मळ्यातील चोरांविषयी वर जे लिहिले ते पडताळून पाहण्याजोगे आहे, आणि 2004 व 2010 या दोन संहितांचा पाठभेदाच्या पद्धतीने तौलनिक अभ्यासही करता येईल. असा अभ्यास मराठी विभागात व्हावा की इंग्रजी विभागात, हा प्रश्न मला गौण वाटतो. ‘जात’ या शब्दाचा भार ज्यांच्या भाषेत आहे त्यांनी तो करावा.

विद्यार्थ्याचे टिपण दुरुस्तीसाठी परत आले आहे. ‘जात’ हा शब्द मी पूर्ववत केला असून त्याच्या मर्यादा स्पष्ट करणारा परिच्छेद मागितला आहे. सोटा खाणाऱ्या मजुरांना खेळात ‘पीऑन’ म्हणतात. त्यासाठी त्याने ‘शिपाई’ असा शब्द योजला आहे, तो मात्र राहू शकणार नाही. आपल्या कार्यालयातल्या शिपायाला निदान वेतनश्रेणी असते. ‘गडी’ म्हणावे की ‘वेठबिगार’, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.