रंगाआधी सांधे बुजवा

१४ एप्रिलच्या जयंतीसाठी घर रंगवायला काढले की सारे लक्ष रंगाच्या छटेवर. खिडकीची चौकट आणि भिंत यांमधली फट मात्र तशीच राहते. जूनमध्ये पाणी तिथूनच आत शिरते. कष्टाच्या पैशाचा रंग पोपडे धरून निघतो, भिंतीला बुरशी येते आणि घरातल्या दमेकऱ्याचे हाल होतात.

बाहेरच्या फटीत नुसते सिमेंट भरू नये. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, सिमेंट सुटते. फट खरवडून, झाडून, पूर्ण कोरडी करून अ‍ॅक्रिलिक सीलंट भरावे. ते सुकले की मगच प्रायमर. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, रंगारी काहीही म्हणो! छज्जा आणि भिंतीचा सांधाही वरून पाहून घ्या. सरकत्या खिडकीच्या पट्टीतली बारीक भोके तेवढी बुजवू नका, पाणी त्यांतूनच बाहेर जाते.