कौतुक आणि जिल्लत

'अरे वा, तुम्ही मराठी किती शुद्ध बोलता!' प्रशिक्षण शिबिरात जेवणाच्या रांगेत हे वाक्य आम्हां उर्दू शाळांच्या मास्तरांच्या ताटात हमखास वाढले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे कळते आम्हाला. पण ज्या घरात आजी जात्यावर मराठी ओव्या म्हणायची, त्या घराच्या मराठीचे कौतुक असे परक्यासारखे व्हावे? शिवी दिली तर उलट बोलता येते. इथे आम्ही 'थँक्यू' म्हणतो आणि ताट घेऊन पुढे सरकतो. जिल्लत असते ती त्या 'थँक्यू'त.

नुकसान वेगळे, जिल्लत वेगळी. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेले ते बहुतेक आमचे आणि सुरुवातीला धरले ते नऊही आमचेच. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तोवर त्यांतला एक जण हयातही नव्हता. आरोप पुसला गेला. गल्लीतल्या नजरा कोणत्या कोर्टाने पुसायच्या? मुसलमानांवर देशद्रोही आणि लाडावलेले असे दोन्ही शिक्के एकाच वेळी मारले जातात, हे २००६ च्या सच्चर अहवालातच नोंदलेले आहे.

इथपर्यंत माना डोलावणे सोपे आहे. आता आमच्या वर्गात या. पोर म्हणते, 'सर, मेरेकू नक्को.' वर्ग हसतो आणि, खोटे कशाला बोला, आम्हीही हसतो. 'ये क्या जाहिलों की जबान है!' मातृभाषेतून शिक्षण यावर बी.एड.ला आम्ही चार पाने लिहिली होती, तरीही. याच दखनीत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस' लिहिले. उर्दू गझलेचा आद्य शायर म्हणून आम्ही ज्याचे नाव घेतो तो वली औरंगाबादचा, दखनीच. २००२ मध्ये अहमदाबादेत त्याची मजार दंगलखोरांनी पाडली, त्या जागेवर डांबराचा रस्ता झाला. आम्ही हळहळलो. आणि त्याच्या बोलीतले 'नक्को' मात्र रोज पोरांच्या तोंडातून उपटत राहिलो. सोयरिकीच्या बैठकीत 'वो तो पिंजारी हैं' असे हळूच कुजबुजणारे तरी बाहेरचे असतात काय?

गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. तिची आई शाळेत आली, दाराशीच उभी राहिली. म्हणाली, 'सर, उने बोलती, मेरी जबान खराब है.'

तिला हे कोणी सांगितले, असे आम्ही विचारले नाही.